इंद्रियांस अगोचर

पंचज्ञानेंद्रियांच्या साक्षीवर आपला सारा संसार चालतो. दूध नासलें हें नाक सांगतें, तवा तापला हें त्वचा सांगते. मग अंगावर किरणोत्सर्ग पडला तर शरीर तेंहि सांगेल काय? याचें उत्तर ‘बहुधा नाहीं’ असेंच आम्हांस द्यावें लागतें.

वस्तु असूनहि प्रत्यक्ष न होण्याचीं आठ कारणें सांख्यांनीं सांगितलीं आहेत; त्यांपैकीं ‘सौक्ष्म्य’ हें येथें लागू पडतें. सुमारें ४ ग्रे ही प्राणघातक मात्रा सर्वांगावर पडली तरी अंगाची उष्णता एका अंशाच्या हजाराव्या भागानेंच वाढते. गरम चहाचा एक घोटहि तितकी उष्णता देतो. परंतु तेवढीच शक्ति पेशींतील सूक्ष्म बंध तोडते. वांति कांहीं तासांनीं होते, केस दिवसांनीं गळतात. म्हणजे शरीर बोलतें तें घात झाल्यावर! ता. २१ मे १९४६ रोजीं अमेरिकेंतील लॉस अलामॉस येथें प्रयोग करतांना लुई स्लॉटिन या शास्त्रज्ञास निळा प्रकाश दिसला, तोंडास आंबट चव आली. पण नवव्या दिवशीं त्याचा अंत झाला.

ब्राझीलमधील गोयानिया शहराची हकीकत मनन करण्याजोगी आहे. सप्टेंबर १९८७ मध्यें एका ओसाड रुग्णालयांतील यंत्राचा भाग भंगारवाल्याकडे गेला. आंतील सेशियम-१३७ ची भुकटी अंधारांत निळी चमके. कौतुकानें ती आप्तेष्टांत वांटली गेली, कित्येकांनीं अंगासहि लाविली. वांत्या सुरू झाल्या तेव्हां अन्न बाधलें असा तर्क झाला. अखेर भंगारवाल्याच्या पत्नीनें ताडलें कीं, ही वस्तु आल्यापासून सर्वजण आजारी पडत आहेत. आणि ती पिशवींत घालून आरोग्याधिकाऱ्यांकडे नेली. दुसऱ्या दिवशीं मापकयंत्रानें तिचा संशय खरा ठरविला. ती स्वतः व तिच्या दिराची सहा वर्षांची मुलगी धरून चौघे दगावले; ती गप्प राहती तर आणखी किती गेले असते, याची कल्पनाच करवत नाहीं. दिल्लीच्या मायापुरी भंगार-बाजारांतहि एप्रिल २०१० मध्यें कोबाल्ट-६० नें एक बळी घेतला.

प्रत्यक्ष जेथें थकतें तेथें अनुमान हेंच प्रमाण. म्हणून तीन पात्यांचें चिन्ह असलेली, किंवा आकाराच्या मानानें फार जड अशी अनोळखी धातूची वस्तु आढळल्यास ती उघडूं नये, मुलांच्या हातीं देऊं नये. दूर होऊन अधिकाऱ्यांस कळवावें. ‘कांहीं जाणवत नाहीं’ हा निर्भयतेचा पुरावा समजूं नये, एवढीच आमची वाचकांस विनंति आहे.