मोती त्यांचे, नाव कुणाचं?

मागच्या महिन्यात मी चक्क धारावीत शॉपिंगला गेले. निमित्त, ताईच्या लग्नातलं माझं ब्लाउज. बुटिकवालीने मोतीकामाचा रेट सांगितला आणि मला घामच फुटला. ‘डायरेक्ट कारखान्यात जा ना, निम्म्यात होईल,’ ऑफिसमधल्या मैत्रिणीने फंडा दिला. म्हटलं, चलो!

लोखंडी शिडी चढून वर गेले, तर इवलीशी खोली. मधोमध ‘अड्डा’, म्हणजे लाकडी चौकटीवर ताणलेलं कापड. भोवती मांडी घालून चार कारागीर. आधी खाका उतरवायचा: भोकं पाडलेल्या ट्रेसिंग पेपरवरून रॉकेलात कालवलेली पावडर पुसली की डिझाइन खाली कापडावर. मग आरी, टोकाला बारीक आकडा असलेली सुई. वरच्या हातातल्या आरीवर मोती चढवायचे, खालचा हात दोरा पुरवतो, आकडा तो वर ओढतो. झाला टाका! मी मोबाइल काढेपर्यंत एक पाकळी भरूनसुद्धा झाली.

गंमत म्हणजे अशीच आकड्याची सुई फ्रान्समध्येही आहे. आकड्याचं हे भरतकाम १८व्या शतकात पूर्वेकडून युरोपात गेलं. पुढे ल्युनेव्हिल गावात त्यात मोती-टिकल्या आल्या. तिथे मोती आधीच दोऱ्यात ओवतात आणि कापडाच्या उलट्या बाजूने टाके घालतात. सुई एक, सलाम मात्र पॅरिसला जास्त!

‘चाचा, तुमचं काम पण फॉरेनला जातं?’ मी विचारलं.

‘किधर जाता है, सेठ को मालूम. हमको पीस दिखता है, शो नहीं.’

मला एकदम ३० मार्च २०२३ आठवला. गेटवे ऑफ इंडियासमोर डिओरचा शो, मागे भलंमोठं भरतकामाचं तोरण. तेव्हाच्या डिझायनर मारिया ग्राझिया क्युरी आणि मुंबईच्या चाणक्य संस्थेच्या करिश्मा स्वाली यांची ती पार्टनरशिप. चाणक्यच्या शाळेत बायका ही कला शिकतात, जी कारखान्यांत बहुतेक पुरुषांच्याच हातात राहिली. जानेवारी २०२० मध्ये पॅरिसच्या शोमध्ये ज्युडी शिकागो यांचे बॅनर याच शाळेत भरले गेले, आणि शाळेचं नाव जाहीरपणे घेतलं गेलं. सही ना? पण शाळेचं नाव आलं, तरी त्या एकेका हाताचं?

केपटाउनमध्ये २००० साली सुरू झालेल्या ‘मंकीबिझ’ने हे सोपं केलंय. मण्यांच्या प्रत्येक प्राण्यावर बनवणारीचं नाव असतं. लॉस एंजेलिसच्या हास ब्रदर्सनी खायेलित्शातल्या बायकांबरोबर मण्यांचे भन्नाट राक्षस केले, ते २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या कूपर ह्युइट म्युझियममध्ये होते. श्रेय ‘हास सिस्टर्स’ना. श्रेय मिळालं खरं, पण आडनाव भावांचंच!

घासाघीस करायला गेलेली मी, गप्प बसले. सांगितला तो भाव दिला. फक्त एक अट घातली: ब्लाउजच्या आत, अस्तराजवळ तुमचं नाव भरा.

‘अंदर? कौन देखेगा?’

‘मी.’

चाचांनी थोडा विचार केला आणि सर्वांत बारीक मोती निवडून घेतले.

लग्नात सगळ्यांनी विचारलं, कुठल्या डिझायनरचं? मी हुक काढून दाखवू शकले नाही, पण नाव सांगितलं. पुढच्या वेळी तुम्हीही विचारा: ‘हे भरलं कुणी?’ दुकानदार गडबडला, तर समजून जा.