खाण बुजवू नका, उतरती करा

नांदेड-लातूरच्या माळांखालचा काळा दगड म्हणजे सुमारे 6.5 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थर. टेकडीवर खडीसाठी खाण पडली की आधी जाते ती वरची वीतभर माती आणि तिच्यातले गवताचे बी. खरे नुकसान तेच. बंद खाण राडारोड्याने बुजवणे हा सोपा, पण वाईट उपाय. त्यापेक्षा कडे पायऱ्यापायऱ्यांनी उतरते करावेत, राखून ठेवलेली माती पसरावी आणि तळात पाणी साठू द्यावे. अखंड काळ्या दगडातून ते फारसे मुरत नाही. मुले बुडतील, हा आक्षेप खराच. पण जीव घेतात ते पाण्याइतकेच उभे कडेही. पुण्याच्या वेताळ टेकडीवरील जुन्या खाणीत पाणी साठते, पक्षीही येतात. अशा साठलेल्या पाण्याचे मोल लातूरला वेगळे सांगायला नको: 2016मध्ये तिथे रेल्वेने पाणी आणावे लागले. तिथल्या प्रशासनाने तरी परवाना देतानाच माती राखण्याची आणि नंतर खाण उतरती करून पाणी साठू देण्याची अट घालावी.