पिल्लाची आई कोठे आहे?

भात आणि तलाव यांसाठी प्रसिद्ध असलेल्या भंडारा जिल्ह्यात कुत्रा हा पैसे मोजून आणण्याचा प्राणी सहसा नव्हता. खळ्यावर धानाचे पुंजणे पडले, की त्यांची राखण करणारा कुत्रा गावातच जन्मलेला असे. शेजारच्या घरी कुत्री व्याली, म्हणजे चालूफिरू लागलेल्या पिल्लांतून एखादे पसंत करून आणले जाई. त्याची आई कोणती, ती गरीब आहे की चावरी, हे साऱ्या आळीला ठाऊक असे. आता लॅब्रॅडोर, पामेरियन, पग ही नावे तालुक्याच्या गावीही अपरिचित राहिलेली नाहीत. नागपूर हाकेच्या अंतरावर आहे. तेथून महामार्गाने भंडारा, लाखनी, साकोलीपर्यंत टोपलीत घालून पिल्लू सहज आणता येते. किंमत विचारली जाते, जात विचारली जाते. त्याची आई कोठे आहे, हे मात्र क्वचितच विचारले जाते. दुकानांतून होणाऱ्या पिल्लांच्या विक्रीस ठिकठिकाणी जो विरोध होत आहे, त्याचे मूळ या न विचारलेल्या प्रश्नात आहे.

दुकानातील काचेमागे खेळणारे पिल्लू पाहून कोणालाही लोभ वाटेल. परंतु ते तेथे जन्मलेले नसते. निव्वळ नफ्यासाठी चालणाऱ्या पैदास केंद्रात मादीला बहुधा पिंजऱ्यातच ठेवले जाते. कुत्री साधारणपणे वर्षातून दोनदा माजावर येते आणि तिचा गर्भकाळ सुमारे ६३ दिवसांचा असतो. प्रत्येक माजाला तिला फळविले, तर एका वेतातून सावरण्यापूर्वीच दुसरे वेत येते. वेते थांबली, की तिचा उपयोग संपतो. इंग्लंडमधील दुकानविक्रीवरील बंदी ज्या कुत्रीच्या नावाने ओळखली जाते, त्या ल्युसीला २०१३ मध्ये वेल्समधील अशाच एका केंद्रातून सोडविण्यात आले. सततच्या बंदिवासामुळे तिचा कणा वाकला होता आणि कंबरेचे सांधे आखडले होते. गिऱ्हाईक पाहते ते पिल्लू. ल्युसी त्याला दिसत नाही.

आठ आठवड्यांचे महत्त्व

पिल्लू जितके लहान, तितके ते मोहक आणि तितकेच लवकर विकले जाणारे. म्हणून पाच-सहा आठवड्यांतच त्याला आईपासून तोडण्याकडे व्यापाऱ्याचा कल असतो. याचे दुष्परिणाम दुहेरी आहेत. पहिला स्वभावाचा. चावा किती जोराचा, खेळ कोठे थांबवावयाचा, हे पिल्लू आई आणि भावंडांच्या सहवासात शिकते. अकाली तोडलेले पिल्लू पुढे भित्रे किंवा चावरे होण्याचा संभव अधिक असतो.

दुसरा परिणाम जिवावर बेतणारा आहे. आईच्या पहिल्या चिकातून मिळालेली रोगप्रतिकारशक्ती काही आठवड्यांनी ओसरू लागते. ती पुरेशी असेपर्यंत लस नीट लागू पडत नाही आणि ती ओसरल्यावर लस नसेल तर पिल्लू उघडे पडते. यास्तव सहा ते आठ आठवड्यांच्या वयात पहिली मात्रा देऊन, पिल्लू सुमारे सोळा आठवड्यांचे होईपर्यंत तीन-चार आठवड्यांच्या अंतराने ती पुन्हा द्यावी लागते. या नाजूक काळातच पार्व्हो या विषाणूचा घाला पडतो. उलट्या, रक्तमिश्रित जुलाब आणि झपाट्याने सुकत जाणारे शरीर ही त्याची लक्षणे. हा विषाणू जमिनीवर आणि पिंजऱ्यात कित्येक महिने टिकतो. साध्या धुण्यापुसण्याने तो जात नाही. वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेली पिल्ले एकाच पिंजऱ्यात ठेवली, की एकाचा रोग पुढच्या खेपेच्या पिल्लांनाही लागतो. लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत काही दिवस जातात. तेवढ्यात पिल्लू एखाद्या घरी पोहोचलेले असते, मुलांनी त्याचे नावही ठेवलेले असते.

कायदा आणि त्याची धार

प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा केंद्रीय अधिनियम १९६० चा. त्यात पहिल्या अपराधास दहा ते पन्नास रुपये दंड सांगितला आहे. हजारो रुपयांना विकल्या जाणाऱ्या पिल्लाच्या व्यापाऱ्यास या दंडाचा धाक तो काय वाटणार? भारतीय विधी आयोगाने ऑगस्ट २०१५ मधील आपल्या २६१ व्या अहवालात पाळीव प्राण्यांची दुकाने आणि पैदास यांचे नियमन करण्याची शिफारस केली. त्यानंतर २०१७ मध्ये कुत्र्यांची पैदास व विक्री यांविषयीचे आणि २०१८ मध्ये दुकानांविषयीचे नियम केंद्र शासनाने जारी केले. पैदासकार आणि दुकानदार या दोघांनाही राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करणे त्यान्वये बंधनकारक झाले. आठ आठवड्यांखालील पिल्लू विकता येत नाही. दीड वर्षांखालील मादीपासून पैदास करता येत नाही. वर्षातून एकाहून अधिक आणि आयुष्यात पाचाहून अधिक वेते घेता येत नाहीत. पिल्लाच्या लसीकरणाची आणि ओळखचिपेची नोंद ठेवावी लागते.

नियम चांगले आहेत. अडचण आहे ती पाहणीची. घराच्या मागील खोलीत चालणारी पैदास कोणाच्या नजरेस पडत नाही. मुंबईत महात्मा जोतिबा फुले मंडईतील, म्हणजे पूर्वीच्या क्रॉफर्ड मार्केटमधील, पशुपक्षी विक्रीविरुद्ध प्राणिमित्रांनी वर्षानुवर्षे तक्रारी केल्या आणि प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. कुत्र्यांसाठी रस्त्यावर उतरणे मुंबईकरांना नवे नाही, हे येथे सांगण्यासारखे आहे. जून १८३२ मध्ये भटक्या कुत्र्यांची हत्या सुरू झाली, तेव्हा पारशी समाजाच्या पुढाकाराने कोटातील व्यवहार बंद पडले होते.

परदेशांत याहून पुढचे पाऊल टाकण्यात आले. अमेरिकेत आधी आल्बुकर्की, लॉस एंजलिस यांसारख्या नगरांनी स्थानिक नागरिकांच्या आग्रहावरून दुकानांतील विक्री बंद केली आणि मग २०१९ पासून कॅलिफोर्निया राज्याने ती बंद केली; केवळ निवारागृहांतील निराधार प्राणी दुकानातून देण्यास तेथे मुभा राहिली. इंग्लंडमध्ये एप्रिल २०२० पासून सहा महिन्यांखालील पिल्लू मध्यस्थाने विकण्यास बंदी आहे. ते थेट पैदासकाराकडूनच, आईसमवेत पाहून घ्यावे लागते. फ्रान्सने १ जानेवारी २०२४ पासून दुकानांतील कुत्र्या-मांजरांची विक्री बंद केली. भारतात बंदी नाही, नियमन आहे. प्रामाणिकपणे मोजकी पैदास करणारेही आहेत आणि त्यांची उपजीविका त्यावर अवलंबून आहे, ही गोष्ट विरोध करणाऱ्यांनीही ध्यानात घ्यावयास हवी. तथापि अशा पैदासकारास पिल्लाची आई दाखविण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही.

भंडाऱ्यातील ग्राहकाच्या हाती तेवढे साधन निश्चित आहे. नोंदणी प्रमाणपत्र पाहावे, लसीकरणाची नोंद मागावी, आई पाहिल्याखेरीज पैसे देऊ नयेत. टाळाटाळ झाली तर पिल्लाची दया येऊन ते विकत घेण्याचा मोह आवरावा, कारण रिकामा झालेला पिंजरा दुसऱ्या दिवशी भरतो. तक्रार पोलीस ठाण्यात किंवा जिल्ह्याच्या पशुसंवर्धन कार्यालयात करता येते. दाट केसांचा, थंड प्रदेशातील हस्की किंवा सेंट बर्नार्ड मे महिन्यातील विदर्भाच्या उन्हात कसा जगेल, याचाही विचार आधी करावा. आणि आळीतील कुत्रीचे पिल्लू आणावयाचे ठरले, तर त्यालाही आठ आठवडे आईजवळ राहू द्यावे, जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात त्याच्या लसी सुरू कराव्यात आणि तीन महिन्यांचे होताच रेबीजची लस टोचून घ्यावी.