‘रोबोट’ हा शब्द आला कुठून?

तिगावकरांनो, ऑनलाइन फॉर्म भरताना आपण ‘मी रोबोट नाही’ या चौकोनावर खूण करतो. तिथला रोबोट म्हणजे माणसाऐवजी आपोआप फॉर्म भरणारा संगणकाचा प्रोग्राम. हातपाय असलेलं यंत्र नव्हे!

हा शब्द जगाला दिला एका नाटकानं. चेक लेखक कारेल चापेक यांचं ‘आर.यू.आर.’, साल १९२०. शब्द सुचवला त्यांचे भाऊ योसेफ यांनी. चेक भाषेत ‘रोबोटा’ म्हणजे जमीनदाराकडे सक्तीनं राबणं, म्हणजे आपली वेठच. नाटकातले रोबोटही लोखंडी नव्हते, कृत्रिमरीत्या घडवलेले, माणसासारखे दिसणारे मजूर होते.

आणि नागपूरच्या चौकात दिसतो तो लाल-हिरवा सिग्नल? दक्षिण आफ्रिकेत त्यालाच रोबोट म्हणतात!

पांढुर्णा-सौंसरकडं हा शब्द आणखी कशासाठी वापरतात, नक्की सांगा.