गुरूविरुद्धची तक्रार गुरूकडे नको

योगवर्गात शिक्षकाचा हात विद्यार्थ्याच्या अंगाला लागतो, आणि बऱ्याचदा तो शिकवण्याचाच भाग असतो. त्रिकोणासनात कंबरेला आधार द्यावा लागतो, पश्चिमोत्तानासनात पाठीवर हलका दाब द्यावा लागतो. नवख्या विद्यार्थिनीला अशा वेळी हात कुठपर्यंत आवश्यक होता आणि कुठून तो नकोसा झाला, हे ठरवणे अवघड जाते. तिला आसन येत नसते आणि शिक्षकाला येते. म्हणून शंका आली तरी ती आधी स्वतःवरच घेते. बंगळुरूसारख्या शहरात हा प्रश्न आणखी मोठा होतो. जयनगर-इंदिरानगरमधल्या छोट्या वर्गांपासून कनकपुरा रस्त्यावरच्या आश्रमापर्यंत आणि जिगणीच्या योग विद्यापीठापर्यंत सगळे प्रकार इथे आहेत. त्यातच योग शिकवायला कुठलाही सक्तीचा परवाना लागत नाही. आयुष मंत्रालयाच्या योग प्रमाणन मंडळाची परीक्षा आहे, पण ती ऐच्छिक. शिक्षक चुकला तर त्याची सनद काढून घेणारी यंत्रणाच नसल्यामुळे सगळी भिस्त संस्थेवर राहते. आणि बहुतेक ठिकाणी संस्था म्हणजे गुरू स्वतः किंवा त्यांचे शिष्य असतात. गैरवर्तनाची चौकशी फसते ती मुख्यतः इथेच.

बंगळुरूपासून तीन तासांवरच्या म्हैसूरचे उदाहरण घ्या. अष्टांग योग जगभर नेणारे पट्टाभी जोइस २००९मध्ये वारले. आसन दुरुस्त करण्याच्या नावाखाली त्यांनी केलेल्या लैंगिक स्पर्शांबद्दल कॅरेन रेन या त्यांच्या माजी शिष्येने २०१७मध्ये जाहीरपणे लिहिले आणि मग इतरही स्त्रिया बोलू लागल्या. नातू शरथ जोइस यांनी जाहीर दिलगिरी व्यक्त केली ती २०१९मध्ये. तोवर जाब देणारा माणूसच उरला नव्हता. पुण्याच्या अय्यंगार परंपरेतले उदाहरण याहून बोलके आहे. अमेरिकेतील ज्येष्ठ शिक्षक मनूसो मानोस यांच्याविरुद्धच्या तक्रारी १९९१मध्ये तिथल्या वृत्तपत्रात छापून आल्या, तरी पुढे ते शिकवतच राहिले. २०१८मध्ये नवी तक्रार आली तेव्हा तिथल्या अय्यंगार योग संघटनेच्या स्वतःच्या नीती समितीला पुरेसा पुरावा दिसला नाही. बाहेर बभ्रा झाल्यावर संघटनेने चौकशी एका त्रयस्थ वकिलाकडे सोपवली. २०१९च्या त्या अहवालात तक्रारी विश्वासार्ह ठरल्या. मानोस यांनी आरोप नाकारले, पण अय्यंगार नावाने शिकवण्याचा त्यांचा हक्क गेला. संघटना तीच होती आणि आरोपही त्याच शिक्षकावर होते. फरक पडला तो चौकशी करणारा बदलल्यामुळे.

‘मग पोलिस कशाला आहेत?’ असे कुणी विचारेल. गुन्हा असेल तर पोलिसांकडे जायलाच हवे, आणि पीडित अल्पवयीन असेल तर ‘पॉक्सो’ कायद्यानुसार कळवणे बंधनकारकच आहे. तिथे संस्थेने आपसात मिटवण्याचा प्रश्नच येत नाही. पण केवळ पोलिसांवर विसंबले की काय होते, ते बिडदीने दाखवले. बंगळुरूजवळच्या या गावात आश्रम चालवणाऱ्या नित्यानंदांविरुद्ध २०१०मध्ये गुन्हा नोंदला गेला. त्यांनी आरोप फेटाळले, पुढे देश सोडला, आणि २०२०मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने त्यांचा जामीन रद्द केला तेव्हा ते हाताला लागण्याच्या पलीकडे गेले होते. शिवाय सगळेच गैरवर्तन फौजदारी गुन्ह्याच्या पातळीचे नसते. रात्री-अपरात्रीचे मेसेज, शरीरावरचे शेरे, ‘नाही’ म्हटल्यावर वर्गात होणारा पाणउतारा यांचा बंदोबस्त संस्थेतच व्हायला हवा.

त्यासाठी नवा कायदा करायची गरज नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या विशाखा निकालानंतर सोळा वर्षांनी, २०१३मध्ये, कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा झाला. त्यात तक्रारदार स्त्री नोकरीतच असली पाहिजे अशी अट नाही. त्यामुळे फी भरून येणारी विद्यार्थिनीही त्याचा आधार घेऊ शकते. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती हवी, तिच्या अध्यक्षपदी स्त्री हवी, किमान निम्म्या सदस्य स्त्रिया हव्यात आणि एक सदस्य बाहेरचा हवा. त्याहून लहान वर्गांसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तर तीही याच स्थानिक समितीकडे जाते. म्हणजे गुरूच्या हाताखालच्या माणसांनी गुरूचा निवाडा करू नये, हे कायद्याने आधीच ओळखले आहे. तक्रार लेखी द्यायची असते. कामकाजाच्या सात दिवसांत तिची प्रत समोरच्याला जाते, कामकाजाच्या दहा दिवसांत त्याने उत्तर द्यायचे, नव्वद दिवसांत चौकशी संपवायची. कायद्यात दोन उणिवा मात्र आहेत. तक्रारीची मुदत तीन महिने, फार तर आणखी तीन महिने. म्हैसूरच्या शिष्यांना तोंड उघडायला वर्षे लागली. दुसरे म्हणजे पुरुष तक्रारदाराला तो लागू नाही. या दोन्ही उणिवा संस्थेने आपल्या नियमावलीत भरून काढाव्यात.

त्याच नियमावलीने विद्यार्थ्यांनाही बांधले पाहिजे. घरोघरी जाऊन शिकवणाऱ्या तरुण शिक्षिकांना त्रास देणारे विद्यार्थी असतात, शेजारच्या मॅटवरच्या बाईचे चोरून फोटो काढणारेही असतात. बाहेरून येणाऱ्या माणसांपासून कर्मचाऱ्यांना सुरक्षित ठेवणे ही मालकाची कायदेशीर जबाबदारी आहे. ‘ते फी भरतात’ ही सबब तिथे चालत नाही.

यावर दोन आक्षेप ठरलेले आहेत. एक, खोट्या तक्रारींनी चांगला शिक्षक आयुष्यातून उठेल. ही भीती निराधार नाही, पण तिच्यावरचा उपायही नीट चौकशी हाच आहे. गोवा विद्यापीठातल्या एका विभागप्रमुखाच्या बडतर्फीचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयाने २०२३मध्ये पुन्हा समितीकडे पाठवले, कारण चौकशी घाईत उरकली होती आणि त्यांना बाजू मांडायची पुरेशी संधी मिळाली नव्हती. त्याच निकालात न्यायालयाने देशभरातल्या समित्या खरोखर नेमल्या आहेत का, हे तपासायला सांगितले. दुसरा आक्षेप असा, की नियमावली आली की गुरुशिष्यांमधली श्रद्धा संपते. पतंजलींच्या आठ अंगांत आसन तिसरे आहे. पहिले अंग यम, आणि त्यात अहिंसा, सत्य, ब्रह्मचर्य येतात. आचरणाची अट योगाने स्वतःच आधी घातली आहे. ती पाळणाऱ्या गुरूला त्रयस्थ चौकशीचे भय वाटायचे कारण नाही.

तेव्हा नव्या वर्गात नाव घालताना बॅचची वेळ आणि फी विचारता, तसे आणखी दोन प्रश्न विचारा. हात लावण्याआधी इथे विचारतात का? आणि तुमच्याविरुद्धच तक्रार असेल तर ती कुणाकडे करायची? दुसऱ्या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही, तर फी भरू नका.