खुंट जपानचा, शेंडा अमेरिकेचा

नॉर्थ कॅरोलिनाच्या डोंगरात नाताळसाठी फ्रेझर फरची झाडे लावतात. पाणी साचले की मुळे कुजवणाऱ्या फायटोफ्थोराचे बीजाणू अक्षरशः पोहत मुळांपाशी पोचतात. रोप उपटले तर पांढऱ्या तंतुमुळांऐवजी तांबूस-काळी, कुजकी मुळे हाती येतात. औषध का मारू नये? त्याने रोग दबतो, माती निर्मळ होत नाही. फ्रेझरच्या रोपांत कामापुरती प्रतिकारशक्ती चाचण्यांत आढळली नाही. जपानच्या मोमी फरमध्ये ती भरपूर आहे. मग मोमीच लावावा? तो लवकर फुटतो, आणि उशिराच्या हिमात कोवळे कोंब करपतात. शिवाय गिऱ्हाइकाला फ्रेझरच हवा! म्हणून मोमीच्या खुंटावर फ्रेझरचे कलम. आपल्या संत्रा बागायतदाराला यात नवल नाही: तोही कलमेच लावतो, आणि संत्र्याचा डिंक्या रोगही फायटोफ्थोराचाच. कलम महाग पडते, हे खरे. पण रोग मुरलेल्या जमिनीत पुन्हा साधे फ्रेझर लावणे म्हणजे पैसे पाण्यात.