बापूंचा माठ आणि एक थंड गाव

मस्कतजवळ राहायला थंड गाव कुठलं, हा प्रश्न आम्हाला अल् खुवैरमधल्या २१ वर्षांत कधी पडलाच नव्हता. घरात एसी, गाडीत एसी, कचेरीत एसी. उन्हाळा म्हणजे दारापासून गाडीपर्यंतची चाळीस पावलं. तेवढी चालली की संपला उन्हाळा! प्रश्न पडला तो बापू आल्यावर.

बापू म्हणजे माझे सासरे. वय ७८, गाव साक्री तालुक्यातलं, जन्म सगळा शेतीत गेलेला. सासूबाई गेल्या आणि २०२४च्या फेब्रुवारीत आम्ही त्यांना इकडे घेऊन आलो. तेव्हा मस्कतची हवा इतकी सुरेख होती की बापू म्हणाले, "उगाच घाबरवत होते लोक." रोज संध्याकाळी घरापासून सईद बिन तैमूर मशिदीपर्यंत जायचे, तिचे तुर्की घाटाचे उंच मिनार बघत बाकावर बसायचे आणि परतायचे. वाटेतला शिंपी, केरळी किराणावाला, लॉन्ड्रीतला मुलगा, सगळ्यांशी आठवड्याभरात रामराम सुरू झाला.

एप्रिलच्या शेवटी ती फेरी अर्ध्यावर आली, मेच्या मध्यावर कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत आणि जूनमध्ये बंदच झाली. पुढचे चार महिने बापू खिडकीशी बसून होते. समोर एका इमारतीचं काम चालू होतं. जून ते ऑगस्ट दुपारी साडेबारा ते साडेतीन उघड्यावरचं काम बंद ठेवायचा इथला कायदा आहे. ती क्रेन थांबली की बापू म्हणायचे, "मजुरांची सुटी झाली. माझी सुटी कधी संपायची?"

ऑक्टोबरात हवा सुधारली. बापू मात्र सुधारले नव्हते. एक जिना चढला तरी धाप लागे, गुडघे आखडलेले. डॉक्टर म्हणाले, औषधं आहेत तीच ठेवा, पण यांना चालतं ठेवा. मॉलमध्ये नेऊन पाहिलं. दोन दिवसांनी बापूंनी विचारलं, "काही घ्यायचं नसताना दुकानात किती वेळ हिंडायचं?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

गावी घर आहे, पण आता त्यात कोणी नाही. त्यांना परत पाठवायचं का, हे वाक्य आमच्या घरात कोणीच मोठ्याने म्हटलं नाही. म्हणून मग पुढच्या उन्हाळ्यापुरतं थंड गाव शोधायचं ठरलं.

आपण खानदेशातली माणसं. ४४-४५ अंशांना आपण घाबरत नाही, वाळ्याचे पडदे भिजवतो आणि निजतो. मग मस्कतचे ३८ अंश का सोसवत नाहीत? कारण अल् खुवैरच्या एका बाजूला समुद्र आहे आणि दुसऱ्या बाजूला काळे उघडे डोंगर. हा समुद्र उन्हाळ्यात स्वतःच कोमट होतो आणि हवेत वाफ भरत राहतो. अशा हवेत घाम येतो पण वाळत नाही, आणि न वाळलेला घाम अंग गार करत नाही. डोंगरांचा दगड कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्राच्या तळातून वर आलेला, काळपट. दिवसभर ऊन पितो आणि रात्री ते परत देतो. याच किनाऱ्यावरच्या कुरय्यात गावात २६ जून २०१८ला चोवीस तासांतलं किमान तापमान ४२.६ होतं. किमान बरं का! म्हणजे तिथे पहाटेसुद्धा आपल्या धुळ्याची मे महिन्यातली दुपार होती.

ही तक्रार आजची नाही. इराणचा राजदूत अब्दुर रझ्झाक १४४२मध्ये कालिकतला जाताना मस्कतला थांबला होता. इथल्या उन्हाने म्यानातली तलवार मेणासारखी वितळते, अशा अर्थाचं त्याने लिहून ठेवलं आहे. दरबारी माणूस, अतिशयोक्ती करणारच. पण जुलैत गाडीचं स्टिअरिंग धरून पाहिलं की त्याच्यावर विश्वास बसतो. पूर्वीचे मस्कतकर काय करत? ज्यांना परवडे ते उन्हाळ्यात सीब, बरका अशा बागाइती गावांत खजुराच्या सावलीला जात. म्हणजे आम्ही काही नवं करत नव्हतो. फक्त सीब आता मस्कतचंच उपनगर झालं आहे आणि तिथली हवाही आमच्याइतकीच दमट.

शोधाची पद्धत मात्र बापूंची. ओमानी घरांत पाणी गार करायला मातीचं एक भांडं टांगतात, त्याला जहला म्हणतात. बहलाचे कुंभार त्यासाठी नावाजलेले. बापूंनी असा एक जहला घेतला आणि त्याला सरळ माठ म्हणायला लागले. अल् खुवैरच्या बाल्कनीत जुलैत ठेवला तर तो नुसता घाम गाळायचा, पाणी कोमटच. बापूंचं म्हणणं, "ज्या गावात माठ गार होत नाही तिथे माणूस काय गार होणार?" माझा मुलगा अभियांत्रिकीला आहे. तो म्हणाला, आजोबा बरोबर बोलतायत, हवामानखात्यातही थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळून हेच मोजतात. झालं, बापूंना शास्त्राचा आधार मिळाला. पुढच्या प्रत्येक फेरीत माठ मागच्या सीटवर, माझ्या मांडीशी.

पहिली फेरी निझवाची, गेल्या वर्षीच्या मे महिन्यात. डोंगरापलीकडची कोरडी हवा. मशिदीच्या सावलीत दोन तास माठ ठेवला आणि पाणी असं गार की दात शिवशिवले. मी घर बघायचंही ठरवून टाकलं होतं. पण बाहेर ४३ अंश होते, आणि संध्याकाळी सहा वाजता बापू किल्ल्याजवळ दहा मिनिटं चालून टेकले. माठाला जे मानवलं ते बापूंना मानवलं नाही! कोरड्या हवेत सावलीतलं पाणी निवतं. उन्हातल्या म्हाताऱ्या माणसाला तेवढ्याने भागत नाही. माठाच्या कसोटीतली ही खोट बापूंनी लगेच मान्य केली.

मिस्फात अल् अब्रीयीन हे त्याहून वर, सुमारे हजार मीटरवर. गल्लीतून पाट वाहतोय, वर केळी-खजुरांची सावली. कोणालाही तिथेच राहावंसं वाटेल. पण गाव म्हणजे नुसत्या पायऱ्या. बापूंच्या गुडघ्यांनी पंधराव्या पायरीवर निकाल दिला.

मग बकरी ईदच्या सुटीत तीनशेहून जास्त किलोमीटर जाऊन अल् अश्खरा पाहिलं. ते अरबी समुद्रावर आहे. आपल्याकडे पाऊस आणणारे नैऋत्येचे वारे तिथे किनाऱ्याजवळचं वरचं पाणी दूर ढकलतात आणि खालचं थंड पाणी वर येतं. त्यावरून आलेला वारा इतका गार की मी ओढणी डोक्याला गुंडाळली. पण रेती! डब्यातल्या दशम्यांत रेती, माठात रेती. शिवाय काही झालंच तर नवरा अल् खुवैरहून पोहोचणार कधी? सलालाला तर पाऊसच असतो, पण ते हजार किलोमीटर. जवळच्या गावांच्या यादीत ते कसं घालायचं?

राहिला जबल अख्दर. तिथलं सैक पठार २००० मीटरवर. हजार मीटरला साडेसहा अंश हा हिशेब धरला तरी किनाऱ्याहून तेरा अंशांचा फरक, आणि वर हवा कोरडी. सगळ्यात आधी तेच का पाहिलं नाही, असं तुम्ही विचाराल. तर दोन कारणं. बिरकत अल् मौझला पोलीस चौकी आहे, तिथून वर चारचाकांना जोर असलेलीच गाडी सोडतात आणि आमची साधी सेदान. दुसरं, इतक्या उंचीवर विरळ हवेत बापूंचा श्वास कसा राहील याची मला धास्ती. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, पहिले चार दिवस नुसतं बसायचं, मग हळूहळू. गाडी मित्राची मागितली.

बिरकत अल् मौझला बापू तासभर हललेच नाहीत. तिथला खत्मैन फलज युनेस्कोच्या यादीत २००६ साली गेलेल्या पाच फलजांपैकी एक. फलज म्हणजे डोंगराच्या पोटातलं पाणी उताराने गावात आणणारा पाट. खत्मैनचं पाणी तीन सारख्या पाटांत वाटलेलं आहे. बापूंनी काठी बुडवून तिन्ही पाट मोजले आणि मान डोलावली.

वर सैह कतना गावात एका ओमानी कुटुंबाच्या घरामागच्या दोन खोल्या मिळाल्या, २० जूनपासून दोन महिने. मी लॅपटॉपवर हिशेबाची कामं करते, त्यामुळे मला जमण्यासारखं होतं. नवरा गुरुवारी रात्री यायचा, शनिवारी उतरायचा. दुपारी पारा तिशीच्या आसपास, रात्री घोंगडी. पहिले आठ दिवस बापू अंगणात बसून होते. नवव्या दिवशी फाटकापर्यंत गेले. जुलैच्या मध्यावर रोज संध्याकाळी दोन किलोमीटर. एकदा भर दुपारी ढग चढून आले, टपोरे थेंब पडले, आणि बापू चप्पल न घालता बाहेर. "आठे ते पानी पडस!" असं ओरडले. त्यांची अहिराणी मी सासूबाईंनंतर पहिल्यांदा ऐकली.

सगळं गोड होतं असं नाही. मला तिथे करमेना. मंगळवार-बुधवार तर खायला उठायचे. भाजी महाग, ओळखीचं कोणी नाही, मराठी बोलायला फक्त बापू, आणि बापूंना आता माझी गरज कमी झाली होती. शुरैजा गावात डोंगराच्या कडेला पायऱ्यापायऱ्यांची शेतं आहेत, वसंतात तिथे गुलाब फुलतात, ऑगस्टपासून डाळिंबं उतरतात. तिथल्या एका वृद्ध शेतकऱ्याशी बापूंची गट्टी जमली. दोघांचं हिंदी सारखंच मोडकं. विषय एकच, पाण्याची पाळी. फलजाचं पाणी वेळेवर वाटतात. घड्याळं नव्हती तेव्हा दिवसा सावली आणि रात्री तारे बघून पाळी बदलायची. बापूंनी त्यांना पांझरेवरची फड पद्धत सांगितली: नदीवर बंधारा, गावाची जमीन फडांत विभागलेली, एका फडात एकच पीक आणि कोणाला कधी पाणी हे पाटकरी ठरवणार. शेतकऱ्याने विचारलं, पाणी चोरलं तर? बापू म्हणाले, "भांडण. तुमच्याकडे?" "भांडण." दोघं मनापासून हसले.

ऑगस्ट लागला तसे बापू तारखा मोजू लागले. २७ला गणपती. मी म्हटलं, खाली अजून हवा वाईट आहे, सप्टेंबर निघू दे. ते ऐकेनात. "वर हवा आहे, पण आरतीला माणसं नाहीत," म्हणाले. खरं सांगायचं तर मीही मनातून त्यांच्याच बाजूची होते. २४ला उतरलो. अल् खुवैरच्या नव्या चौकात १२६ मीटरचा ध्वजस्तंभ उभा राहिलाय, तो आमच्या खिडकीतून दिसतो. त्या दिवशी झेंडा ओल्या टॉवेलसारखा लोंबत होता. बापूंनी तो पाहिला आणि माठ बाल्कनीत न ठेवता सरळ स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात नेऊन ठेवला.

आरतीच्या रात्री ते मंडळाच्या गर्दीत दोन तास उभे होते. खुर्ची दिली तर नको म्हणाले.

घरमालकांचा परवा फोन आला होता, पुढच्या जूनसाठी खोल्या ठेवू का म्हणून. नवऱ्याने बापूंकडे पाहिलं. बापूंनी विचारलं, "गणपतीच्या आधी खाली आणणार ना?" घोंगडी आणि चहाचं पातेलं तसंही आम्ही वरच ठेवून आलो आहोत.